मरुभूमी, मुक्काम पोस्ट बोरी अरब

मोठ्या कलावंताला वाळवंट लागतं, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. ते बाहेर असलं तर उत्तमच. बाहेर नसलं तर आत असावं लागतं. आणि दोन्हीकडे नसलं तर जिल्हा पातळीवरच्या कलावंताने ते स्वखर्चाने तयार करून घ्यावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. निसर्गाने त्यांपैकी एकालाही वाळवंट मंजूर केलेलं नाही. इथे काळी माती आहे, जी पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते आणि माणसाला पुढे पाठवते. अशा प्रतिकूल परिस्थितीत बोरी अरबच्या बादल सेवादास आडे याने जिल्ह्याला पहिलं वाळवंट मिळवून दिलं, आणि तेही एक गुंठा जमीन संपादित न करता. याची योग्य ती दखल कोणी घेतली नाही म्हणून आपण घेऊ.

बादलच्या अंगी दोन कला. तो फोटो काढतो आणि काढलेल्या फोटोवर रंग लावतो. बाजाररस्त्यावर त्याचं 'बादल डिजिटल फोटो' हे दुकान आहे (पासपोर्ट साइज आठ मिनिटांत, घाई असल्यास दहा). दुकानाचा मुख्य आधार म्हणजे लग्नाचे अल्बम. दारव्हा तालुक्यात मे महिन्यात ज्यांची लग्नं झाली, ती सगळी जोडपी अल्बमच्या शेवटच्या पानांवर स्वित्झर्लंडला जाऊन आलेली आहेत. नवरदेवाच्या कपाळावरचा घाम मागच्या बर्फात फार खुलून दिसतो. आजवर एकाही जोडप्याने तक्रार केलेली नाही. एका नवरदेवाने तर सासऱ्यालाही सोबत न्यायला सांगितलं होतं, आणि बादलने नेलं.

पण हे झालं पोटासाठी. मनासाठी बादल दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून स्वतःची चित्रं करायचा. गावामागे त्याचा तांडा आहे. तिथल्या माणसांचे, कापसाच्या ढिगांचे, ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे फोटो तो काढायचा, जाड कागदावर छापायचा आणि बारीक ब्रशने त्यांवर रंगाचा हलका हात फिरवायचा. मिरच्या जराशा जास्त लाल व्हायच्या, एखादीच्या लुगड्याचा काठ उजळायचा. त्यात त्याला सुख होतं. दुसऱ्या कोणालाही नव्हतं. तांड्यातले लोक चित्र हातात घेऊन उलटसुलट पाहायचे आणि "हे तं इथंच हाय" म्हणून परत करायचे.

अशात मुंबईच्या एका कलासंस्थेने यवतमाळात 'मुळांचा शोध' नावाची कार्यशाळा घेतली. (मुळं शोधायला मुंबईहूनच यावं लागतं, जवळच्यांना ती दिसत नाहीत.) संस्थेच्या क्युरेटर मॅडमनी बादलची चित्रं पाहिली. क्युरेटर म्हणजे कोणतं चित्र चांगलं ते चित्रकाराला कळवणारी व्यक्ती.

"तुमचं मूळ कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"बोरी अरब," बादल म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तांड्यात. बोरीच्या मांगंच हाय, सायकलनं गेलं तरी होते."

"नाही हो, त्याच्याही आधी. तुमचे पूर्वज?"

बादलने पुष्कळ विचार केला. आजोबा तांड्यातच गेले, पणजोबाही तिथेच. त्यांच्या आधीचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे एवढं त्याने ऐकलं होतं. होळीच्या गाण्यांत कधी कधी मारवाडचं नाव येतं, असं तो भीतभीत बोलला.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "मारवाड! म्हणजे वाळवंट तुमच्या रक्तात आहे, बादल. आणि तुम्ही मिरच्या रंगवताय?"

बादलला मनापासून शरम वाटली. चौतीस वर्षं तो रक्तात वाळवंट घेऊन फिरत होता, आणि दोनदा रक्त तपासूनही (एकदा लग्नाआधी, एकदा डेंग्यूत) कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मूळ गाठणं आलंच. बादल नागपूरहून गाडी पकडून राजस्थानात गेला. तिथे पहिल्या सकाळी तो वाळूच्या उंचवट्यावर चढला आणि समोर जे दिसलं ते पाहून बराच वेळ कॅमेरा काढायचंच विसरला. हे मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. त्याला ते खरोखर आवडलं. एवढी रिकामी जागा त्याने कधी पाहिली नव्हती. तिच्यावर कोणी काही ठेवलेलं नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. आपल्यालाही असं काहीतरी करता यावं, असं त्याला आतून वाटलं, आणि ते वाटणं अगदी खरं होतं. पुढचं सगळं त्या खऱ्या गोष्टीतूनच झालं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

स्थानिक लोकांकडून मात्र त्याची निराशा झाली. त्याला फिरवणाऱ्या उंटवाल्याच्या मोबाईलवर हिरव्यागार शेताचं चित्र होतं. "हे वाळवंट माझ्या रक्तात आहे," असं बादलने त्याला हिंदीत सांगितलं. उंटवाला म्हणाला, "माझ्या डोळ्यांत आहे. रोज संध्याकाळी पाण्याने धुऊन काढतो." गावातल्या फोटो स्टुडिओत बादल व्यवसायबंधू म्हणून डोकावला, तर तिथे भिंतीवर धबधबा आणि नारळाची झाडं रंगवलेली. लोकांना आपल्या मुळांची कदर नाही, हे पाहून तो खिन्न झाला आणि पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्यांत रेती भरून परत आला.

परतल्यावर त्याने जी कार्यपद्धती अवलंबली ती पुढीलप्रमाणे. प्रथम तांड्यातल्या माणसाला उन्हात उभं करून त्याचा फोटो घ्यावा. फोटो मोठा छापून कॅनव्हासवर चिकटवावा. मग रंगात रेती कालवून, फोटोत जे जे वाळवंट नाही ते ते सर्व त्या रंगाने झाकावं. माणूस तेवढा ठेवावा, तोही गरजेपुरता. आणलेली रेती दुसऱ्याच चित्रात संपली. तेव्हापासून अडाण नदीची वापरली जाते. (हिच्यात मरुभूमीची व्याकुळता थोडी कमी आहे, पण ती चिकटते चांगली.)

या पद्धतीने एका हंगामात तांड्यातून पुढील बाबी हटवण्यात आल्या: विजेचे खांब (सर्व), टीव्हीच्या छत्र्या (सर्व), अंगणवाडी (रंगकामासह), एक पाण्याची टाकी, सोयाबीनचं मळणीयंत्र, चारशे मीटर सिमेंट रस्ता, निंबाची झाडं (मोजलेली नाहीत). हेच काम सरकारी यंत्रणेला करायचं असतं तर किती वर्षं लागली असती याचा अंदाज न केलेलाच बरा.

तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, अमरसिंग याला आपला फोटो निघाला म्हणून आनंद झाला होता. चित्र पाहिल्यावर त्याने आधी डोळे बारीक केले, मग चित्राच्या जवळ गेला.

"बादल, माह्या मांगं माहं घर होतं नं बे?"

"होतं, काका."

"स्लॅबचं होतं."

"हो."

"मंग कुठं गेलं? मले स्लॅब टाकाले दोन वर्स लागले. तू एका दुपारी बुजवून टाकला!"

"काका, आपलं मूळ वाळवंटात हाय."

"असंन बाप्पा," अमरसिंग म्हणाला, "पण घर इथं हाय नं."

बादलची बायको अंजू आरोग्य उपकेंद्रात नर्स. ती गावोगाव स्कुटीवर लसी घेऊन फिरते. तिचं चित्र या मालिकेतलं सर्वांत गाजलेलं. त्यात ती मावळतीकडे तोंड करून उंटावर बसली आहे. लसींच्या निळ्या डब्याची पाण्याची मशक झाली आणि हेल्मेटची, डोकं झाकून घेतलेली ओढणी झाली. अंजूने चित्र पाहून एवढंच विचारलं, "पेट्रोल कुठं टाकतेत याच्यात?" आणि ती ड्युटीवर निघून गेली. बादलला या प्रश्नाचं वाईट वाटलं. पण घरच्यांची समज हा कलावंतांचा जुनाच विषय आहे.

मॅडमना फोनवर चित्रं पाठवली जात होती. त्या खूश होत्या. यवतमाळात मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्यात निवड झालेल्या कलावंताला जर्मनीत तीन महिने राहून वाळवंट रंगवण्याची संधी मिळणार होती. (जर्मनीतही वाळवंट नाही, पण आता बादलला त्याची सवय होती.) बादलला जर्मनी हवी होती, फार हवी होती. पुन्हा कोणाच्याही सासऱ्याला बर्फात उभं करावं लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते काही अवास्तव नव्हतं.

"पण एक मुख्य कृती कमी पडतेय," मॅडम म्हणाल्या. "अगदी तुमची. एखादा जुना फोटो नाही का? वडिलांचा?"

वडिलांचा फोटो होता. एकच होता.

बादलचे वडील सेवादास आदल्या वर्षी वारले. आधार कार्डावरही त्यांचा फोटो आहे, पण त्यात ते आहेत की अमरसिंग आहे हे घरच्यांनाही ठरवता येत नाही. नीट असा फोटो एकच: कळंबच्या चिंतामणीला गेले असताना देवळाच्या पायऱ्यांशी फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, पोस्टकार्डाएवढा. त्यात डावीकडे सेवादास उभे आहेत, ताठ, फोटोसाठी श्वास रोखून. उजवीकडे त्यांची बायको, म्हणजे बादलची आई रुपीबाई. ती पदर तोंडाशी धरून खळखळून हसते आहे. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं एकत्र आलेला हा एकमेव फोटो. रुपीबाईने तो लुगड्याच्या घडीत ठेवलेला असायचा, आणि सेवादास गेल्यावर तो रोज एकदा बाहेर निघायचा.

हा फोटो तिने आपण होऊनच बादलच्या हाती दिला होता. वर्षश्राद्धाला मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून.

"दोघंबी दिसले पायजे," ती म्हणाली होती. "नीट कर. तुहे बापू एकटे नको."

"करतो, याडी," बादल म्हणाला होता. (याडी म्हणजे आई. हे बोलणं मुळात गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या भाषेत, झालं. वाचकांच्या सोयीसाठी वऱ्हाडीचा रंग दिला आहे. कलेत एवढं चालतं.)

आता कोणी म्हणेल, बादलकडे स्कॅनर होता. होता, चांगला होता. फोटो स्कॅन करून ठेवलेलाही होता. पण मॅडमचं तत्त्व असं, की कृती एकमेव असली पाहिजे. तिची दुसरी प्रत जगात असली तर तिला कृती म्हणत नाहीत, झेरॉक्स म्हणतात. बादल प्रामाणिक माणूस. त्याने मूळ फोटोच कॅनव्हासच्या मधोमध चिकटवला आणि संगणकातला स्कॅन काढून टाकला. कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकला. संगणकाने "नक्की काढू का?" असं विचारलं तेव्हा त्याचा हात थोडा थांबला, हे सांगायला हवं. मग त्याने हो म्हटलं.

राहिला रुपीबाईचा प्रश्न. बादलने मॅडमना फोन लावला.

"वाळवंटात माणूस एकटा असतो," मॅडम म्हणाल्या. "शिवाय त्या हसताहेत."

तेही खरंच होतं. वाळवंटात कोणी हसत नाही. निदान चित्रात नाही. बादलने दोन दिवस ब्रश हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने रंगात रेती कालवली, वडिलांच्या उजव्या बाजूने एक वाळूची टेकडी चढवत आणली, आणि ती तशीच कॅनव्हासच्या टोकापर्यंत नेली. टेकडीचा उतार फार सुरेख साधला. खाली कोणीतरी आहे म्हणून तो साधला, असं त्याला वाटलं, आणि हा विचार एवढा आवडला की दुःख व्हायचं ते राहूनच गेलं. चित्राचं नाव ठेवलं, 'एकटा पूर्वज'.

प्रदर्शन यवतमाळात एका सभागृहात भरलं. तांड्यातल्या लोकांनी मूळ वेषात यावं, अशी मॅडमची विनंती होती. मूळ वेष म्हणजे घागरा, आरशांची कांचळी, हातभर बांगड्या. रुपीबाई कित्येक वर्षं साधं गुलाबी लुगडं नेसते. तिने पेटीच्या तळाशी हात घालून लग्नातला घागरा काढला. तो आता कंबरेला सैल होत होता, म्हणून नाडी आवळून बांधली. काळीपिवळी जीपमध्ये बसून सगळे आले. अंजू ड्युटीवरून थेट नर्सच्या पांढऱ्या साडीत आली होती. तिला नम्रपणे मागच्या रांगेत उभं करण्यात आलं. तिच्यासमोर तिचंच उंटावरचं चित्र होतं आणि पाहुणे ते पाहून हळहळत होते, की अशा बाया आता कुठे राहिल्या.

रुपीबाईला एवढंच ठाऊक होतं, की फोटोचं आता चित्र झालंय, दारापेक्षाही मोठं. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आधी तिने मधोमध चिकटवलेल्या फोटोतल्या सेवादासकडे पाहिलं. चेहरा तसाच होता, रोखलेल्या श्वासासकट. तिने मान हलवली, बरं आहे म्हणून. मग तिची नजर उजवीकडे गेली आणि तिथेच फिरत राहिली.

"बादल, हे तुहे बापू. मी कुठं हाव?"

बादल या प्रश्नाची तयारी करून आला होता. मॅडमनी त्याला वाक्यं दिली होती. पण ती मराठीत होती आणि आई गोरबोलीत विचारत होती, त्यामुळे त्यातलं एकही लागू पडेना.

"हायस नं, याडी. हे टेकडी दिसते नं, तिच्या आत."

"आत?"

"म्हणजे तूच ते टेकडी. लोकायले समजते ते."

रुपीबाईने टेकडीकडे पाहिलं. हात लावून पाहिला. रेती बोटांना टोचली.

"मी हासून राह्यली होती तिथं," ती म्हणाली.

"हो."

"कायले हासली होती, सांगतलं का तुले कधी? तुह्या बापूनं त्या फोटोवाल्याले..."

नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. हार आणि नारळ आधीपासून तयार होते, कलावंताला पुढे बोलावण्यात आलं, आणि बादलला जावं लागलं. "येतो, याडी, थांब," असं तो म्हणून गेला. रुपीबाई थांबली. पण ती प्रेक्षकांत थांबली नाही. चित्राच्या उजव्या बाजूला, फोटोत ती जिथे होती तिथे, सेवादासच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कोणी बोलावलं तरी हलेना.

क्षणभर संयोजक घाबरले. पण प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा प्रश्न सुटला. फोटो निघू लागले. हे जिवंत कलेचं फार धाडसी रूप आहे, असं एका समीक्षकाने दुसऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्याने ते लिहून घेतलं. मॅडम तर प्रतिभेच्याच बाई. त्यांनी चित्राखालची पाटी काढून नवी लावली. माध्यम: छायाचित्र, ॲक्रिलिक, रेती, आई.

नागपूरच्या एका रिसॉर्टवाल्याला चित्र पसंत पडलं. त्याच्या रिसॉर्टमध्ये राजस्थानी थाटाचं जेवणघर आहे. त्याने बादलला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "या बाई सोबत येतात का? म्हणजे शनिवार-रविवार तरी?" बादल नाही म्हणाला. तेवढं नाही त्याला म्हणता आलं, हे त्याच्या नावावर जमा धरावं.

जेवणाच्या सुट्टीत सभागृह रिकामं झालं. रुपीबाईला अंजूने बळेच बाहेर नेलं. दोघी पायरीवर बसून भाकर खात होत्या. बादल चित्रापुढे एकटाच राहिला. निवड संध्याकाळी जाहीर व्हायची होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, रुमाल पाण्यात भिजवून टेकडीवर दाबून धरला, आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून हलक्या हाताने खरवडायला लागला.

रंग सुटत होता. आधी देवळाच्या पायरीचा कोपरा आला. मग गुलाबी काहीतरी. मग बांगड्या, आणि त्यांच्यावरून पदर धरलेला हात. आपण काय करून बसलो होतो हे त्याला तिथे, किल्ली हातात असताना, पहिल्यांदा कळलं. आई आत होती, बिघडली नव्हती. आणखी बोटभर वर गेलं की तोंड लागणार होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि तो नाक ओढत भराभर खरवडू लागला.

"थांबा!"

मॅडम दारात होत्या. बादलला वाटलं, आता जर्मनी गेली. पण मॅडम जवळ आल्या, मागे गेल्या, डोकं तिरपं करून पाहिलं.

"काय केलंत हे, बादल! वाळूतून वर आलेला हात! पुरलेली स्मृती! बस, एवढंच. याच्यापुढे एक कणही नको."

"मॅडम, आणखी जरासं वर तोंड हाय. हासून राह्यली ते."

"तोंड काढलंत तर तो साधा फोटो होईल हो," मॅडम म्हणाल्या.

बादल तिथे उभा राहिला. त्याच्या एका बाजूला हसणारं तोंड होतं, बोटभर अंतरावर; दुसऱ्या बाजूला जर्मनी. कोणीही जबरदस्ती करत नव्हतं. मॅडमनी त्याच्या हातातली किल्लीसुद्धा घेतली नाही. बादलने ती स्वतःच रुमालाने पुसली आणि खिशात टाकली.

जेवून आल्यावर रुपीबाई पुन्हा आपल्या जागेवर जायला निघाली, आणि वाळूतून वर आलेला हात तिला दिसला. तिने तो ओळखला. बांगड्या तिच्याच होत्या.

"हात निंघाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती. "बाकीची?"

"बाकीचं राहू दे म्हनते, याडी."

"कोण म्हनते?"

बादलने मॅडमकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"बरं," रुपीबाई म्हणाली. ती चित्राशेजारी उभी राहिली नाही. बाहेर जाऊन काळीपिवळीत बसली, आणि सगळे निघेपर्यंत तिथेच बसून राहिली. संध्याकाळी पाटीवरून 'आई' हा शब्द काढून टाकावा लागला. तेवढी जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे 'मिश्र' असं लिहिण्यात आलं.

बादलची निवड झाली. ती व्हायलाच हवी होती. वाळूतून वर आलेल्या हातावर परीक्षकांचं एकमत होतं. 'एकटा पूर्वज' नागपूरला गेला आणि जेवणघरात, हात धुवायच्या जागेच्या वर, चांगल्या उजेडात लागला. वर्षश्राद्धाला भिंत रिकामी राहू नये म्हणून बादलने त्याच चित्राचा मोठा फ्लेक्स छापून आणला. खर्चाकडे पाहिलं नाही. रुपीबाईने तो उलगडून पाहिला, पुन्हा गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यावर टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. आता गोठा गळत नाही. या भागात समकालीन कलेचा इतका थेट उपयोग अन्यत्र झाल्याचं ऐकिवात नाही.

जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी बादल आईच्या पाया पडला आणि तिच्याजवळ बसला. अंजू बॅग भरत होती. तिघं असताना त्याने धीर केला.

"याडी, तू त्या फोटोत कायले हासली होती? सांगत होती नं तू मले?"

रुपीबाईने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले.

"तुह्या बापूनं त्या फोटोवाल्याले काही तरी म्हतलं होतं," ती म्हणाली. "काय म्हतलं होतं बाप्पा? फोटो हातात घेतला का लगेच आठवे. आता नाई आठवत."

अंजू बॅगेची चेन लावता लावता थांबली. बादल उठून बाहेर गेला आणि रस्त्याकडे पाहत उभा राहिला. त्याला त्या वेळी जे वाटलं ते रंगवण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे दिलेलं नाही.

इथवर आलेल्या वाचकांना बादलचा राग आला असेल. यायलाच हवा. पोटच्या पोराने जन्मदात्या आईला चित्रातून काढावं, तेही कोणीतरी दूरची बाई म्हणाली म्हणून! असा माणूस आपल्या ओळखीत नाही याचं समाधान मानून, आता जरा आपापला मोबाईल हातात घ्यावा. त्यावर आपला जो फोटो आपण जगाला दाखवायला लावलेला आहे, तो आपला सर्वांत चांगला फोटो. कुणाच्या तरी लग्नातला किंवा सहलीतला, आणि त्यात आपण एकटेच आहोत. तो बोटांनी जरा मोठा करावा. आपल्या खांद्यावर कडेला चार बोटं दिसतील. फोटो कापताना तेवढी राहून गेलेली असतात.

ती कोणाची, ते आठवून पाहावं. आठवलं नाही तरी काळजीचं कारण नाही. बादल जर्मनीहून परतला आहे. आठ मिनिटांत बोटंही झाकून देतो.